बंद ठेवलेली गाडी

आमच्या परळीच्या मिशन केंद्रामागे पत्र्याची एक जुनी शेड आहे. मोडकी बाके, नाताळच्या गोठ्याचे बांबू, गळकी पिंपे, असे जे टाकवत नाही आणि वापरताही येत नाही, ते सारे तिथे जाते. २०२२ च्या जूनमध्ये बदली होऊन मी दुसऱ्यांदा या गावी आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेड उघडली. कोपऱ्यात पोत्यांखाली एक आकार दिसला. पोते बाजूला करण्याची गरज नव्हती. खाली काय आहे हे मला ठाऊक होते, कारण ती पोती मीच टाकली होती.

ती एक जावा मोटारसायकल होती. तिच्या नोंदणीचे पुस्तक १९७० सालचे. तांबड्या रंगाची, दोन सायलेन्सरांची, गुडघे टेकायला टाकीच्या दोन्ही बाजूंना काळे रबर असलेली. आजच्या तरुण वाचकांसाठी थोडी ओळख करून देतो. जावा हे नाव यानेचेक या चेक कारखानदाराच्या आणि वाँडरर या जर्मन कंपनीच्या नावांची आद्याक्षरे जोडून झालेले आहे. १९२९ साली पहिली जावा तिकडे निघाली. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून ती तयार होऊ लागली. १९७३ पासून तिचे नाव येझदी झाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा आले. पण आमची गाडी त्या जुन्या म्हैसूरच्या घराण्यातली.

आमच्या मोठ्या फादरांची ती गाडी. मी त्यांना प्रथम पाहिले ते १९९३ साली. नागपूरच्या सेमिनरीत तत्त्वज्ञानाचा अभ्यास संपवून एक वर्षाच्या अनुभवासाठी मला परळीला धाडण्यात आले होते. वसईच्या हिरव्या वाडीत वाढलेला मी, बालाघाटच्या उघड्या माळावर येऊन पडलो. औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या, वैजनाथाच्या मंदिराच्या पायऱ्या आणि या साऱ्यांवर पसरलेले ऊन, एवढेच पहिले काही दिवस मला दिसले. पुढे गाव दिसू लागले ते मोठ्या फादरांच्या गाडीच्या मागच्या सीटवरून. वस्त्यावस्त्यांवर त्यांना हाक मारून आपण आल्याचे सांगावे लागत नसे. त्या दोन सायलेन्सरांचा पोकळ, घुमणारा ठेका वळणापलीकडून ऐकू आला की पोरे रस्त्यावर येत.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन होऊन लोक थकून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. धक्का आम्हालाही परळीत जाणवला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. औषधांची खोकी आणि ताडपत्र्या मागच्या कॅरिअरवर सुतळीच्या जाड दोराने बांधल्या होत्या, आणि त्या ओझ्यात व फादरांच्या पाठीत मी कसाबसा अडकलो होतो. शंभरावर किलोमीटरची वाट. पुढे पाऊस लागला. चिखलात गाडी दोनदा घसरली. एकदा तर टाकीला चांगलाच पोचा आला. तिथे पाहिलेले मी येथे लिहीत नाही. एवढेच सांगतो की मी धर्मगुरू व्हावे की नाही हा प्रश्न घेऊन मी परळीला आलो होतो, आणि त्या गाडीवरून परत येताना तो प्रश्न उरला नव्हता.

१९९८ साली मला गुरुदीक्षा मिळाली आणि पुढच्याच वर्षी मोठ्या फादरांच्या जागी माझी परळीला नेमणूक झाली. निघताना त्यांनी किल्ल्यांचा जुडगा हाती दिला. चर्चची, तिजोरीची, घराची अशा किल्ल्या सांगून झाल्यावर शेवटी गाडीची किल्ली वेगळी काढून ते म्हणाले, “हिला आठवड्यातून एकदा तरी फिरवत जा. उभी राहिली की ही मरते.”

दोन वर्षे मी ती फिरवली. पण कारखाना बंद झालेला, सुटे भाग दुर्मीळ, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याची कटकट, पांढऱ्या झग्यावर धुराचा वास. २००१ च्या मे महिन्यात नवी फोर-स्ट्रोक गाडी आली. जावा मी शेडमध्ये लोटली. आठ दिवसांनी काढू, अशा विचाराने टाकीतले पेट्रोलही तसेच ठेवले.

मोठ्या फादरांचे दर नाताळला पोस्टकार्ड येई. प्रकृती, पाऊस, ओळखीच्या कुटुंबांची चौकशी आणि शेवटी एक ओळ: गाडी बरी आहे ना? मी उत्तर लिही: बरी आहे, फादर. तीन वर्षे मी हे लिहिले. २००४ मध्ये माझी बदली झाली, तेव्हाही ‘निघताना बरी होती’ असे कळवले. २००९ साली ते देवाघरी गेले. वाचकहो, इतक्या वर्षांत मी कितीतरी वेळा पापनिवेदनाला गुडघे टेकले. पण ही गोष्ट कधी सांगितली नाही. ती लपवायची होती म्हणून नव्हे. सांगण्याइतकी मोठी ती मला वाटलीच नाही.

म्हणून २०२२ साली पोती बाजूला केली, तेव्हा प्रथम वाटली ती शरम. टायर भेगाळून बसले होते. सीटमध्ये उंदरांनी घर केले होते. किक खाली जाईना. इंजिन धरले होते. टाकीचे झाकण उघडताच जुन्या वार्निशासारखा उग्र दर्प आला.

गावातल्या एका वृद्ध मिस्त्रीचाचांना बोलावले. तरुणपणी त्यांनी अशा पुष्कळ गाड्या हाताळल्या होत्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीचा वास घेतला, आणि मला विचारले, “फादर, ही बंद पडली कशी?” मी म्हणालो, “पडली नाही. तशीच उभी राहिली.” ते हसले नाहीत. “म्हणजे बंद पडलेली न्हाई. बंद ठेवलेली हाय,” एवढे बोलून त्यांनी हत्यारांची पिशवी उघडली.

या दोहोंतला फरक पुढच्या वर्षभरात मला कळत गेला. वापरून झिजलेले यंत्र एखाद्या जागी खराब होते; न वापरता ठेवलेले यंत्र सगळीकडून खराब होते. चाचांनी प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतले आणि गाडी दहा दिवस तशीच ठेवली. “जबरदस्ती केली की रिंग तुटते,” ते म्हणाले. अकराव्या दिवशी मागचे चाक गिअरमध्ये हळूहळू मागेपुढे हलवता हलवता पिस्टन कुरकुरत सुटला. त्या दिवशी आम्ही दोघांनी दोनदा चहा घेतला.

मग इंजिन उघडले. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या खालची पोकळीही पंपाचे काम करते: पिस्टन वर गेला की पेट्रोल, ऑइल आणि हवेचे मिश्रण खालच्या पोकळीत ओढले जाते, आणि पिस्टन खाली आला की ते वर ढकलले जाते. त्यामुळे ती पोकळी हवाबंद असावी लागते. ती हवाबंद ठेवणारे क्रँकचे ऑइल सील वर्षानुवर्षे कोरडे राहून लाकडासारखे कडक झाले होते. तसेच चालवले असते तर बाहेरची हवा आत शिरून मिश्रण पातळ झाले असते आणि पिस्टन तापून पुन्हा धरला असता. सील, बेअरिंगे आणि रिंगा मी पुण्याच्या नाना पेठेतून आणल्या. टाकीत बारीक खडी आणि रॉकेल घालून ती तासन्‌तास हलवली, तेव्हा तपकिरी गंज बाहेर पडला. कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे तांब्याच्या तारेने मोकळी केली. प्लगला ठिणगी देणारे पॉइंट पॉलिश पेपरने घासले. सोळा इंची टायर मिळायला तीन महिने लागले.

पेट्रोलचाही प्रश्न होता. ही गाडी जन्मली तेव्हाचे पेट्रोल आता नाही. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत गेले आणि २०२५ साली ते वीस टक्क्यांवर पोचले. इथेनॉल जुने रबर फुगवते आणि हवेतला ओलावा शोषून घेते. चाचांनी इथेनॉलला टिकणारे वॉशर बसवले, कार्ब्युरेटरचे जेट थोडे मोठे केले, आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करण्याची मला सक्त ताकीद दिली. यातले काही इथेनॉल उसापासून येते. आमच्या बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. माझ्या धर्मग्रामातली निम्मी घरे तेव्हा कुलूपबंद होतात, किंवा म्हाताऱ्यांच्या हवाली असतात. टाकीत पेट्रोल ओतताना मला आता त्या घरांची आठवण होते.

चाचांच्या मुलाची इच्छा होती की गाडीला नवा रंग द्यावा, क्रोम चकचकीत करावे. पुण्यामुंबईकडे जुन्या जावांचे असे सोहळे होतात, आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावाप्रेमी आपापल्या गाड्या मिरवतात, हे त्याने मोबाइलवर दाखवले. मला मोह झाला नाही असे नाही. पण मागच्या मडगार्डवर दोराने रंग घासून गेलेला पट्टा होता आणि टाकीवर तो पोचा होता. ते मी राहू दिले. गंज थांबवला, बाकी रंग जुनाच ठेवला.

कागदपत्रांचा विचार करताना आणखी एक प्रश्न समोर आला. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. अशा गाडीला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेली खास नंबरपाटी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार, फेरनोंदणीचे पाच हजार. मान मोठा, पण अट अशी की ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, दुरुस्ती आणि इंधन भरणे, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. एका मित्राने तोच मार्ग सुचवला. मी रात्रभर विचार केला. एकवीस वर्षे ती शेडमध्ये होती. आता काचेच्या कपाटात ठेवायची काय? शुभवर्तमानातल्या, मिळालेली मोहर जमिनीत पुरून सुरक्षित ठेवणाऱ्या दासाची आठवण झाली. त्यानेही ती हरवली नव्हती. फक्त कामाला लावली नव्हती. मी अंबाजोगाईला जाऊन साधीच नोंदणी नूतन करून घेतली, जुन्या गाडीचा पर्यावरण कर भरला, आणि गाडी कामाची राहिली.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये एका सकाळी ती सुरू झाली. जावाच्या गिअरचीच दांडी फिरवून किक मारायची असते. सात किका वाया गेल्या, आठवीला ती बोलली. शेड निळ्या धुराने भरली. चाचांनी कान देऊन आवाज ऐकला, एक स्क्रू पाव आटा फिरवला, आणि म्हणाले, “आता थांबवू नका. फिरवून आणा.”

आजाऱ्यांना कम्युनियन देण्याचा तो दिवस होता. बालाघाटच्या उतारावरच्या एका वस्तीवर ऐंशी ओलांडलेली एक आजी असते. दृष्टी जवळजवळ गेलेली. मुलगा-सून ऊसतोडीला गेली होती. घरी ती आणि नऊ-दहा वर्षांची नात. गेले वर्षभर मी तिच्याकडे जात होतो, नव्या गाडीवरून. त्या दिवशी मी वळण घेतले, आणि पाहतो तो आजी भिंत चाचपडत दाराबाहेर येऊन उभी.

“मोठे फादर आले का गं?” ती नातीला विचारत होती.

मी गाडी बंद केली. काय बोलावे ते सुचेना. “नाही आजी, मी आहे. गाडी त्यांची आहे.”

ती पुढे आली. तिने हँडल चाचपले, मग टाकी. पोच्यावर तिची बोटे थांबली. “हीच ती. मग इतकी वर्सं कुठं व्हती ही?”

खरे तर सांगण्यासारखी उत्तरे पुष्कळ होती. कारखाना बंद पडला, भाग मिळेनात, माझी बदली झाली. पण बावीस वर्षांपूर्वी पोस्टकार्डावर जे लिहायला हवे होते ते त्या दारात माझ्या तोंडून निघाले. “मी शेडमध्ये ठेवली होती, आजी. मोठ्या फादरांना बरी आहे म्हणून कळवत होतो. पण ती बरी नव्हती.”

आजी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “आता आलीया न्हवं? चला आत. कवाधरनं वाट बघतीया.” आणि नातीला तिने मेणबत्ती लावायला सांगितले.

तेव्हापासून दर गुरुवारी मी जावा काढतो. ती धूर करते, चढावर कुरकुरते, आणि पावसाळ्यात एकदा ढकलत घरी आणावी लागली. पण उभी राहत नाही. बदलीचे वय माझेही जवळ येत आहे. पुढच्या फादरांना किल्ल्या देताना ही किल्ली मी शेवटी, वेगळी काढून देईन. आणि नंतर पत्रातून गाडीची चौकशी करीन, तेव्हा ती बंद असेल तर ‘बंद आहे’ असेच लिहा, हेही सांगेन.