वाण खरंच लुटलं तेव्हा

बाबा २०२१ मध्ये गेले, कोविडच्या दुसऱ्या लाटेत. त्यानंतरच्या संक्रांतीला काकूकडे हळदीकुंकू होतं. आई आदल्या दिवशी जाऊन तिळाचे लाडू वळून आली, वाणाचे डबे पिशव्यांत भरून आली. दुसऱ्या दिवशी मात्र 'डोकं दुखतंय' म्हणून घरीच थांबली. तिला 'येऊ नका' असं कुणी म्हटलं नव्हतं. 'या' असंही कुणी म्हटलं नव्हतं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, सगळं बंद. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. पुढे शासनानेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. ती बातमी मी इथेच मोठ्या अभिमानाने शेअर केली होती. आई तेव्हा शेजारच्या खोलीत बसली होती. आमच्या घरात ग्रामसभा कोण घेणार?

यंदा काकूची मुलगी न्यू जर्सीहून आलीय. तिकडे नाताळात एक खेळ खेळतात, 'व्हाइट एलिफंट'. काही जण त्याला 'यांकी स्वॅप' म्हणतात. प्रत्येकाने एक वस्तू गुंडाळून आणायची. चिठ्ठ्या टाकून नंबर काढायचे. नंबर आला की एकतर नवीन पुडकं उघडायचं, नाहीतर दुसऱ्याने उघडलेली वस्तू सरळ ओढून घ्यायची. ज्याची गेली त्याने पुन्हा तेच करायचं. तीनदा हात बदलले की वस्तू पक्की.

"आणि वाणाचं काय?" काकूने विचारलं.

"आई, दरवर्षी लुटा लुटा म्हणता ना, यंदा खरंच लुटू. सगळे खेळणार. काका, पोरं, मोठी काकूसुद्धा."

तीनशे रुपयांची मर्यादा ठरली. आम्ही अठरा जण. आईचा नंबर पाचवा. तिच्या पुडक्यातून दगडी खलबत्ता निघाला. सगळ्यांचा डोळा त्याच्यावर, हे स्पष्ट दिसत होतं. पण सहावा गेला, सातवा गेला, आठवा गेला. ओढाओढी जोरात चालू होती, आईला सोडून. काकूची सून मला हळूच म्हणाली, "राहू दे गं, त्यांना तेवढाच आनंद."

आईने ते ऐकलं असावं.

"अरे, खलबत्ता वाईट आहे का? मग माझ्याकडूनच कुणी का ओढत नाही? मी काय पाहुणी आहे?"

खोली एकदम गप्प. मग माझा तेरा वर्षांचा भाचा उठला, त्याचा नंबर दहावा, आणि आजीच्या मांडीवरचा खलबत्ता उचलून पळाला. काय आरडाओरडा! आई उठली ती थेट काकूकडे, आणि तिचा थर्मास काढून घेतला. "अहो वहिनी!" काकू ओरडली. चार वर्षांत आईला इतकी हसताना पाहिली नव्हती.

न बोलावणं हा अपमान, हे मला कळत होतं. बोलावून मग दया दाखवत बसणं हेही बाहेरच ठेवणं असतं, हे मला आईने शिकवलं. जिच्याकडून ओढून घेता येतं, तीच खेळात असते.

लगेच टाळ्या वाजवू नका. निघताना काकूने करंडा काढला. सगळ्याजणींना हळदीकुंकू लावलं. आईपाशी हात थांबला. हळद लावली, कुंकू नाही. रिक्षात मी धुसफुसत होते. आई मांडीवरचा थर्मास सांभाळत म्हणाली, "पुढच्या वर्षी."

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतील. तुमच्या घरी वाणाच्या पिशव्या कोण भरतंय आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत कोण दिसत नाही, एवढं जरा बघा.