एवढ्यानें काय होतें?

गेल्या वर्षीं आम्ही न्यू जर्सींत पुतण्याकडे चार महिने राहून आलों. तिकडच्या घरांत कुत्रें किंवा मांजर असावयाचेंच, इतकी मनाची तयारी करून आम्ही गेलों होतों. परंतु दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत जाळीच्या उंच पिंजऱ्यामध्यें दीड फूट लांबीचा हिरवागार सरडा फांदीला शेपटी गुंडाळून बसलेला पाहतांच आमच्या कुटुंबाच्या तोंडून दारांतच 'अगबाई!' निघालें.

हा आपल्या कुंपणावरचा सरडा नव्हे. आपल्याकडे ज्याला घोयरा म्हणतात, त्याचा हा येमेन देशांतील भाऊबंद. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा, दोन दिशांना निरनिराळे फिरणारे डोळे, आणि चाल अशी डुलती कीं जणूं वाऱ्यावर पान हालावें. आपला घोयरा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें घरांत पाळतां येत नाहीं. तिकडे मात्र पिंजऱ्यांत उपजलेले हे येमेनी सरडे दुकानांत मिळतात. चौदा वर्षांच्या नातवानें त्याचें नांव 'बाजीराव' ठेविलें होतें. एक दिवसाआड रातकिड्यांना कॅल्शियमची भुकटी लावून तो ते पिंजऱ्यांत सोडी. बाजीरावांची जीभ शेपटी वगळतां शरीराहूनही लांब. ती केव्हां सुटली आणि केव्हां परतली, हें आमच्या डोळ्यांस कधींच उमगलें नाहीं.

एका रविवारीं चार पाहुणे जमले असतां नातवानें निराळ्या शीतपेटींतून बोटाच्या पेराएवढें, गुलाबी, बिनकेसांचें उंदराचें पिलूं काढलें. दुकानांत अशीं नुकतीं जन्मलेलीं पिलें गोठविलेलीं मिळतात. तें कोमट पाण्यांत ठेवून त्यानें चिमट्यांत धरलें आणि हळूहळू हालविलें. कारण न हालणारी वस्तु भक्ष्य आहे, असें या प्राण्यास सहसा वाटत नाहीं. 'गणपतीचें वाहन रे तें!' म्हणून आमचें कुटुंब आंत निघून गेलें. आम्ही मात्र गेलों नाहीं. खरें सांगावयाचें तर आम्हीं डोळेसुद्धां मिटले नाहींत.

पुढें कोणीही घरीं आलें कीं आम्हींच म्हणावें, "बाळ, पाहुण्यांना गंमत दाखव बरें." तो म्हणे, "आजोबा, हें क्वचितच द्यायचं असतं." आम्हीं हंसून म्हणावें, "अरे, एवढ्यानें काय होतें?" वडील माणसाचा शब्द त्याच्यानें मोडवेना.

कांहीं आठवड्यांनीं बाजीराव वरच्या फांदीवर चढेनात. पायांचे सांधे सुजले, पकड सुटूं लागली. आम्हीही मुलाबरोबर पशुवैद्याकडे गेलों. त्यांनीं रक्त तपासून सांगितलें, "हें वातरक्त आहे." या प्राण्यांचें रोजचें खाणें म्हणजे किडे, येमेनी जात थोडा पालाही खाते. रानांत एखादा मोठा सरडा लहान पक्षी किंवा पाल गिळतो, पण तें क्वचित्. प्रथिनांचा मळ यांच्या शरीरांतून युरिक ॲसिडच्या रूपानें बाहेर पडतो. खाणें जड आणि पाणी कमी झालें, तर तो सांध्यांत सांठतो. शिवाय हा पाणी पितो तें बहुधा पानांवर टपकणाऱ्या थेंबांचें. नवजात पिलाचीं हाडें कोंवळीं असल्यामुळें त्यांतून कॅल्शियमही फारसें मिळत नाहीं.

"उंदीर किती वेळां दिलेत?" वैद्यांनीं विचारलें. मुलानें एकवार आमच्याकडे पाहिलें आणि मान खालीं घालून तो म्हणाला, "चूक माझीच आहे."

आम्ही तेथें गप्प बसलों. ती गोष्ट आजही मनाला लागते. गाडींत मात्र राहवेना. पुतण्यासमक्षच सांगितलें कीं दोष या मुलाचा नाहीं, आमचा आहे. मुलगा इतकेंच म्हणाला, "आजोबा, घरीं गेल्यावर पानांवर पाणी तुम्ही शिंपडाल?" उरलेला महिनाभर तें काम आम्हीं दिवसांतून अनेकदां केलें. औषधानें सूज उतरली. परंतु एक पाय आंखडला तो आंखडलाच. बाजीराव आतां खालच्या फांदीवर बसतात.

मांस हेंच ज्याचें अन्न, त्याला हिंसेचा दोष कोण देईल? पण आमच्या करमणुकीसाठीं जीं पिलें गेलीं, तीं बाजीरावांच्या खातीं मांडतां येणार नाहींत. आणि तो शब्द तरी नवा कोठें होता? मधुमेह असलेल्या मामांच्या पानांत जिलबी वाढतांना पंक्तींत आम्हीं हेंच म्हटलें आहे: "एवढ्यानें काय होतें?" आग्रहाची हौस वाढणाऱ्याची असते, सोसावें लागतें तें खाणाऱ्याला.

परत आल्यावर घरांतल्या पहिल्याच पंक्तींत वाढावयास आम्ही उठलों. मामांनीं पानावर हात आडवा धरला. आम्ही ताट घेऊन मुकाट्यानें पुढें गेलों. मामा चकित होऊन आमच्याकडे पाहतच राहिले.