पूनमल्ली ते श्रीपेरुंबुदूर, पायी

2025 साली आषाढी एकादशी रविवारी आली, 6 जुलैला. पंढरपुरात वाळवंटात पाय ठेवायला जागा नसेल, त्या पहाटे सव्वाचारला मी चेन्नईच्या पश्चिमेला पूनमल्लीत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या आवळत होतो. सोबत आमचे सुभेदार साहेब. ते मूळचे कांचीपुरमचे. त्यांच्या पायात साध्या चपला.

कल्पना त्यांचीच होती. महिनाभरापूर्वी ऑफिसात मी त्यांना वारीबद्दल सांगत होतो. सगळं ऐकून ते म्हणाले, "साब, हमारे यहाँ एक आदमी अकेला चलता था."

तो आदमी म्हणजे तिरुक्कच्ची नंबी. हजार वर्षांपूर्वीचा, पूनमल्लीचा, ब्राह्मणेतर. कांचीच्या वरदराजाला पंख्याने वारा घालायची सेवा त्याच्याकडे. परंपरा सांगते की इथल्या मळ्यातली फुलं घेऊन तो कांचीला चालत जायचा. वाटेत श्रीपेरुंबुदूर. तिथल्या एका ब्राह्मणाच्या घरातला मुलगा त्याला थांबवून घरी न्यायचा. तो मुलगा पुढे रामानुजाचार्य झाला.

पूनमल्ली ते श्रीपेरुंबुदूर म्हणजे वीस-बावीस किलोमीटर. फौजी माणसाला यात सांगण्यासारखं काही नाही. मी निघालो त्याचं कारण वेगळं आहे.

आमचे तात्या मराठा रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर दर वर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालत राहिले. मला कधी चल म्हणाले नाहीत. 2019 साली एकदाच म्हणाले, "एक दिवस ये. पुणे ते सासवड. दिवेघाट माझ्याबरोबर चढ." मी सांगितलं, रजा मिळत नाही. रजा मंजूर झालेली होती. मुलांना घेऊन हिमाचलला जायची तिकिटंही काढली होती. तात्या "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. पुढची दोन वर्षं कोरोनात पादुकाच एसटीने पंढरपूरला गेल्या, आणि वारी पुन्हा पायी सुरू झाली तोवर तात्यांचे गुडघे गेले होते.

पहिला तासभर मी रूट मार्चच्या चालीने चाललो. दर किलोमीटरला घड्याळ. शेवटी साहेबांनी हाक मारली, "साब, मंदिर बारह बजे बंद होता है. अभी पाँच बजे हैं." मग मी घड्याळ काढून खिशात टाकलं.

उजाडताना चेंबरमबाक्कमचा तलाव आला. चेन्नईची तहान भागवणाऱ्या तलावांपैकी हा एक, आणि 2015 च्या डिसेंबरात यातून सोडलेल्या पाण्याने अड्यार नदी शहरात घुसली तेव्हा सगळ्या देशाला माहीत झालेला. तिथे बसून डबा उघडला. बायकोने साबुदाण्याची खिचडी दिली होती. साहेबांना उपासाच्या खिचडीचं भारी नवल वाटलं. आपल्या एकादशीचा साबुदाणा त्यांच्या सेलमकडून येतो, पण तिकडे त्याचं पायसम होतं नाहीतर वडाम. दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घालून त्याला एवढं तिखट कोण करतं, असं त्यांचं म्हणणं. खाल्ली मात्र माझ्याहून जास्त.

पुढे चालताना मी त्यांना हैबतबाबा सांगितले. सातारा तालुक्यातल्या आरफळचे हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी सरदार होते. आजची माउलींची पालखी त्यांनी घालून दिलेल्या शिस्तीने चालते आणि ती शिस्त फौजी डोक्यातून आलेली आहे, हे कुठल्याही सैनिकाला बघताक्षणी कळावं. दिंड्यांना नंबर. कोण रथापुढे, कोण रथामागे, ठरलेलं. निघायची वेळ कर्णा वाजवून कळवायची. आणि मला सगळ्यात आवडते ती मुक्कामावरची समाजआरती. चोपदार हातातला चोप उंच धरतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. एखादी दिंडी मात्र टाळ वाजवतच राहते, कारण तिची काही तक्रार असते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, निकाल लागतो, मग आरती.

"मतलब दरबार," साहेब म्हणाले.

अगदी तेच. फक्त आमच्या दरबारात जवान तक्रार मांडायला उभा राहतो तेव्हा त्याचे पाय किती लटपटतात, ते आम्हा दोघांनाही माहीत आहे. टाळ वाजवत राहायची सोय तिथे नाही.

इरुंगाट्टुकोट्टैनंतर नव्या गाड्या लादलेले ट्रेलर अंगावरून जाऊ लागले. पाट्यांवर 48 नंबर दिसत होता. हाच रस्ता बेंगळुरू, बेळगाव, कोल्हापूर करत साताऱ्याला जातो. आमच्या गावाचा फाटा याच रस्त्याला आहे. साहेबांना ते सांगितलं तर म्हणाले, "फिर तो साब, सीधा चलते रहो."

श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे राजीव गांधींचं स्मारक लागतं. सात खांब. 21 मे 1991 ला मी शाळेत होतो, सुट्टी चालू होती, दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर बातमी ऐकून तात्यांचा ट्रंक कॉल येईल म्हणून आई शेजाऱ्यांच्या फोनपाशी बसून राहिली होती. त्या स्फोटात बंदोबस्तावरचे पोलीसही गेले. आम्ही दोघं थोडा वेळ उभे राहिलो.

आदिकेशव पेरुमाळच्या देवळात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. रामानुजांचा जन्म याच गावातला, 1017 सालचा. गुरूने गुप्त ठेव म्हणून दिलेला मंत्र गोपुरावर चढून सगळ्यांना ओरडून सांगितला, ते हे. पण साहेबांनी मला दुसरी गोष्ट सांगितली. कांचीत असताना रामानुजांनी नंबीला जेवायला बोलावलं. त्याच्या पानातलं उष्टं प्रसाद म्हणून खायचं, एवढीच इच्छा. ते घरी नसतानाच नंबी येऊन जेवून गेला आणि बायकोने जागा सारवून, उरलेलं देऊन टाकून, स्नान करून पुन्हा स्वयंपाक मांडला. रामानुज परतले तर उष्टं नाही, पाहुणा नाही. आपल्याकडे चोखोबांची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे घर ओळखीचं वाटेल.

आणि नंबीचं पुढे काय झालं, मी विचारलं. म्हातारपणी त्याला चालवेना, तेव्हा वरदराज स्वतःच पूनमल्लीला आला, असं तिथलं देऊळ सांगतं. सकाळी आम्ही निघालो ते त्या गावातूनच, आणि साहेबांनी तेव्हा ते सांगितलं नव्हतं.

देवळाबाहेर शहाळं घेऊन तात्यांना फोन लावला. ते टीव्हीवर पंढरपूर बघत होते. मी सगळं सांगितलं.

"किती जण होता?"

"दोघं."

"दोघांची पेट्रोलिंग होते. दिंडी नाही."

टीव्हीवरचे टाळ ऐकू येत होते. मग त्यांनी आवाज कमी केला असावा.

"पुढच्या वर्षी सासवडला ये. मी घाट गाडीतून चढतो, तू चाल. त्या सुभेदार साहेबांनाही आण. रजेचा अर्ज आत्ताच टाकून ठेव. मिळत नाही म्हणू नकोस."