साडीचा काठ

विजेची लाट पडद्यावर रेखणारा एक जुना ऑसिलोस्कोप भंगारातून एकलहऱ्याच्या घरी आला, आणि सौ.च्या दिवाळीच्या साडीचे पैसे गेले. वर्गातल्या मुलांना वीज ‘दाखवायची’, हा माझा हट्ट! पण पडदा काळाच. हाताशी एकच मल्टीमीटर, तोही १००० व्होल्टपर्यंतचा. पडद्याच्या नळीला तर सुमारे २००० लागतात. तिकडे हात घालणे म्हणजे यमाला फराळाला बोलावणे! प्लग काढला तरी कपॅसिटरमधला डंख बराच वेळ जिवंत असतो.

म्हणून खालच्या पायरीपासून सुरुवात केली. १२ व्होल्टच्या जागी २ च भरले. वीज तोडली, कपॅसिटर रिकामे केले, ओहम मोजले. शॉर्ट! मग एकेका कपॅसिटरचा पाय सोडवीत गेलो. सातवा चोर निघाला, किंमत चहाएवढी.

तो बदलताच हिरवी रेघ उजळली. लहान ट्रान्सफॉर्मरचे ६ व्होल्ट जोडले, तशी लाट डोलू लागली, सेकंदाला ५०.

खिडकीतून औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या. “तिथूनच येतात का हो या लाटा?” सौ.ने विचारले.

“नुसत्या तिथून नव्हे. २०१३ च्या अखेरीपासून साऱ्या देशाची ग्रिड याच एका ठेक्यावर चालते.”

ती क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, “काठ बरा आहे हो साडीचा!”