उलट नोंद

वादात हरण्याचे माझे वय निघून गेले, अशी माझी समजूत होती. चौतीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. वर्गात माझ्याशी वाद घालण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, आणि घरी वाद घालण्याइतका मी अविचारी नाही. पण गेल्या वर्षी नातवाने मला अशा एका जागी नेऊन बसवले, की तिथे माझ्या चौतीस वर्षांना कोणी विचारीना.

त्याचे असे झाले. मराठी विकिपीडियावर एका किल्ल्याविषयीचा लहानसा लेख वाचताना मी सवयीप्रमाणे चुका काढत होतो. नातू म्हणाला, "आजोबा, नुसत्या चुका काय काढता? वर 'संपादन' लिहिलंय ना, तिथे दाबा आणि दुरुस्त करा की!"

मला वाटले, पोर थट्टा करते आहे. ज्ञानकोश म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर डॉक्टर केतकर उभे राहतात. त्यांच्या कोशात वाटेल त्याने लेखणी घालावी, ही कल्पनाच मला सोसेना. पण २००३ साली सुरू झालेला हा कोश खरोखरच तसा आहे. लिहिणाऱ्याला मानधन नाही, मुखपृष्ठावर नाव नाही. दिवसाची कामे उरकून माणसे रात्री हौसेने लिहीत बसतात.

त्या लेखात शिवजन्माचे साल १६२७ दिले होते. मी ते काढून १९ फेब्रुवारी १६३० असे घातले आणि समाधानाने झोपलो. सकाळी पाहतो, तो १६२७ जागच्या जागी! मी पुन्हा बदलले. दुपारी पुन्हा १६२७. असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी लेखाच्या 'चर्चा' पानावर माझ्यासाठी निरोप होता. लिहिणाऱ्याने खरे नाव दिले नव्हते. मी मनातल्या मनात त्यांना 'किल्लेदार' म्हणू लागलो. निरोप असा : "आपण बदल करता, पण आधार देत नाही. ग्रंथ व पृष्ठ सांगावे."

मी संतापलो. नातू शांतपणे म्हणाला, "आजोबा, इथे तुम्ही कोण आहात ते चालत नाही. छापलेला आधार लागतो."

मी तावातावाने कपाट उघडले आणि ओशाळलो. तारीख मला कित्येक वर्षे तोंडपाठ होती. पण ती कुठल्या ग्रंथात, कुठल्या पानावर आहे, हे सांगता येईना. आयुष्यभर मुलांना 'पुराव्याने बोला' म्हणून दटावणारा मी, दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन ग्रंथालयाच्या पायऱ्या चढलो.

तिथे मात्र मला मोठा आनंद झाला. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे. कवींद्र परमानंदांचे 'शिवभारत' हे तर महाराजांच्या हयातीतले संस्कृत काव्य. त्यातही तीच तिथी. मी पृष्ठांकांसह सारे चर्चेच्या पानावर मांडले आणि खाली चार नागमोडी रेघा काढल्या. त्या काढल्या की तिथे आपोआप आपली सही उमटते.

किल्लेदारही काही कमी नव्हते. बखरीतली वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी त्यांनी पुढे केली. सर जदुनाथ सरकारांनीही १६२७ हेच साल धरले होते, याची आठवण दिली. मी चिडून लांबलचक उत्तर लिहिले. शासनाने २००१ साली १९ फेब्रुवारीच मान्य केली, हेही ठणकावले. मग मन थोडे शांत झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांचे उत्तर आले. "आपण शके १५५१ म्हणजे इसवी सन १६२९ असे लिहिले आहे आणि त्याच वाक्यात पुढे १६३०. शकात ७८ मिळवतात हे खरे. पण आपला महिना फाल्गुन. तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असते, म्हणून ७९ मिळवावेत. माझ्या वैशाखाला ७८ चालतात, आपल्या फाल्गुनाला चालणार नाहीत. दुरुस्त करून घ्यावे. नाहीतर आपली बाजू उगाच लंगडी पडेल."

मी ते उत्तर तीनदा वाचले. या माणसाला माझी चूक चव्हाट्यावर मांडून मला हास्यास्पद करता आले असते. तसे न करता त्याने माझेच शस्त्र घासून माझ्या हाती दिले होते! त्याच्या जागी मी असतो तर असे केले असते का? उत्तर माझ्याजवळ होते, पण ते काही अभिमानाने सांगण्यासारखे नव्हते.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून ती चार वाक्ये लिहिली. चार वाक्यांना नऊ दिवस लागले. १६३० ही आज सामान्यतः मान्य असलेली तारीख, ती कोणत्या साधनांवरून. १६२७ ही जुनी धारणा, ती कशावरून. कोणाच्या नावामागे 'थोर' नाही, कोणाच्या मताला 'भ्रामक' नाही. शेवटी किल्लेदारांनी लिहिले, "माझे मत बदललेले नाही, पण वाक्ये बरोबर आहेत." इतके प्रामाणिक वाक्य मला पुष्कळ विद्वानांच्या तोंडूनही ऐकायला मिळालेले नाही.

त्या कोशात 'इतिहास पहा' अशी एक खूण आहे. ती दाबली की लेखात कोणी, केव्हा, काय बदलले ते सारे दिसते. माझ्या तीन दिवसांच्या रागाची नोंद तिथे अजून आहे. ती पाहताना मला माझे वडील आठवतात. ते एका भुसार दुकानात दिवाणजी होते. पाडव्याला नव्या वहीवर हळदकुंकू वाहताना ते सांगत, "नोंद चुकली तर पान फाडायचं नाही, खोडायचंही नाही. खाली उलट नोंद करायची. पुढच्याला कळलं पाहिजे, की आपण चुकलो होतो आणि सुधारलो."

यंदा पाडव्याला वहीशेजारी नातवाचा संगणकही पुजावा म्हणतो. आणि किल्लेदारांना फराळाचा डबा पाठवावा, असेही फार मनात आहे. पण पाठवणार कुठे? त्यांचे ना नाव ठाऊक, ना गाव. तेव्हा चर्चेच्या पानावरच शुभेच्छा लिहीन आणि खाली चार नागमोडी रेघा काढीन.