संज्ञापन, प्रत्यायन आणि आपली मुले

इंग्रजीतील 'कम्युनिकेशन' या शब्दाला आपल्या भाषांनी जितके प्रतिशब्द दिले, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या विषयाच्या वाट्याला आले असतील. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विभागाच्या नावात 'संज्ञापन' आहे. म्हणजे नीट कळविणे. हिंदीने 'जनसंचार' पत्करला. मराठी माणसाला मात्र 'संचार' म्हटले की एक तर अंगात येणारे वारे आठवते, नाही तर संचारबंदी! आम्ही ज्या गुजरातेत राहतो तेथे या विषयाला 'समूह प्रत्यायन' म्हणतात. मला विचाराल तर या सर्वांत हा गुजराती शब्दच अधिक अर्थगर्भ आहे. प्रत्यय आणून देणे ते प्रत्यायन. सांगणाऱ्याने सांगितले, एवढ्याने काम संपत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात ते उतरले पाहिजे.

ही शब्दचर्चा करण्याचे कारण असे की, बारावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या शाळेतून पूर्वी बाहेर पडलेल्या मुलांचे पालक अद्यापही सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात. नव्या शैक्षणिक धोरणापासून 'मेजर' हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. गेल्या वर्षी असेच एक गृहस्थ आले. मूळचे धुळे जिल्ह्यातले, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये वीस वर्षे काम करणारे. मुलीला हाच विषय मुख्य म्हणून घ्यावयाचा होता. ते म्हणाले, "सर, बोलायला तर ती दुसऱ्या वर्षीच शिकली. आता त्याच्यासाठी कॉलेजात फी भरायची?"

प्रश्न विनोदी वाटला तरी त्यामागची काळजी विनोदी नव्हती. मुलीने बी. कॉम. केले तर कापड मार्केटात एखाद्या पेढीवर हिशेबाचे काम मिळते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. संज्ञापन शिकून पोट भरलेला माणूस त्यांच्या गल्लीत कोणी नव्हता. नातलगांनी तर 'हिला टीव्हीवर दिसायचंय का?' म्हणून टोमणे मारावयास सुरुवात केलीच होती.

टीव्हीवर दिसणे हा या विद्येचा फार लहान भाग आहे. बातमी कशी मिळवावी आणि कशी तपासावी, अब्रूनुकसानीचा कायदा काय सांगतो, जाहिरात माणसाच्या मनावर कशी काम करते, एखादी सूचना किती जणांना कळली हे मोजावे कसे, अशा गोष्टी तेथे शिकविल्या जातात. निदान शिकविल्या जाव्यात. काही महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांवर कॅमेरा आणि ध्वनिक्षेपक यांखेरीज काही दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

चुकीचे संज्ञापन काय करू शकते, हे सुरतकरांना पुस्तकातून शिकावयास नको. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे प्लेगची साथ आली, तेव्हा मी नुकताच नोकरीस लागलो होतो. सुरतेतील मृत्यूंचा आकडा पन्नासाच्या आसपास राहिला. पण गाव सोडून पळालेल्यांची संख्या काही लाखांत होती. पाण्यात विष कालविले आहे ही आवई रोगाच्याही पुढे धावली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या कोणी घ्यावयाच्या, किती घ्यावयाच्या, याचा नीट उलगडा होण्याआधीच दुकाने रिकामी झाली. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत आमच्या खानदेशी मंडळींनी पाय ठेवावयास जागा ठेवली नव्हती. आमच्या गल्लीत जी माणसे थांबली, ती औषधाच्या भरवशावर नव्हे, तर ज्याचे म्हणणे पटेल असा एखादा जाणता शेजारी त्यांना भेटला म्हणून थांबली. प्रत्यायन म्हणतात ते हेच.

याच्या उलट उदाहरणही गुजरातेतच घडले. १९७५ मध्ये पीज येथे लहानसे प्रक्षेपण केंद्र उभारून इस्रोने खेडा जिल्ह्यात दूरचित्रवाणीचा एक प्रयोग सुरू केला. दूध सोसायट्यांत सार्वजनिक संच बसविले. मजुरी, अस्पृश्यता अशा गावच्याच प्रश्नांवर गावच्या बोलीत कार्यक्रम केले. गावकऱ्यांनीच त्यांत कामे केली. कार्यक्रम करण्यापूर्वी प्रेक्षक कोण, त्याला काय ठाऊक आहे, काय नाही, याची पाहणी होत असे. या प्रयोगाला पुढे युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. माझ्या मते या विषयाच्या विद्यार्थ्याने पहिला धडा येथून घ्यावा.

हे सर्व मी त्या गृहस्थांना सांगितले. ते अदबीने ऐकत होते, पण पटलेले नव्हते. शेवटी मी विचारले, "भाऊ, तुमच्या आई आजारी पडल्या तेव्हा दवाखान्यात बोलले कोण?"

तो प्रसंग मला ठाऊक होता. आजींना अहिराणीखेरीज काही येत नाही. त्या सारख्या "मना जीव घाबरस" एवढेच म्हणत होत्या. तेथल्या एका सेवकाला थोडे मराठी येत होते. आजी भ्याल्या आहेत असे समजून तो "घाबरू नका, घाबरू नका" असा धीर देत राहिला. तेव्हा आठवीत असलेली ही मुलगी पुढे झाली आणि डॉक्टरांना म्हणाली, "दादीने गभरामण थाय छे." गुजरातीत 'गभरामण' म्हणजे भीती नव्हे, छातीत होणारी कासाविशी. डॉक्टरांनी तत्काळ हृदयाचा आलेख काढला. एकाच धातूचे दोन शब्द, सीमेच्या अलीकडे एक अर्थ आणि पलीकडे दुसरा. ही गोष्ट एम. ए.च्या वर्गात आम्ही भाषाशास्त्र म्हणून शिकलो, आणि त्या पोरीने ती दवाखान्याच्या खाटेपाशी वापरली.

वाचकहो, महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांचे हे भांडवल आपण मोजतच नाही. घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती, कारखान्यात हिंदी, अर्जावर इंग्रजी. शिधावाटप दुकानावरची पाटी वाचून दाखविणे, बँकेतले कागद समजावून देणे, ही कामे ती दहाव्या वर्षापासून करतात. आपल्याला मात्र वाटते की, मुलाचे एकही भाषेत धड नाही! बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ मध्ये निघाले तेच मुळी मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांत. मराठी पत्रकारितेचा आरंभच दुभाष्याच्या कामाने झाला, हे आपण विसरतो.

अर्थात मी त्या गृहस्थांना खोटी आशा लावली नाही. आरंभी पगार थोडा मिळतो. गणित टाळण्यासाठी जो हा विषय घेईल, त्याला तो तारणार नाही. लिहिण्याचा आणि वाचण्याचा कंटाळा असेल तर बी. कॉम. बरे. महाविद्यालय निवडताना तेथला स्टुडिओ नंतर पाहावा. विद्यार्थ्यांना वस्तीत, बाजारात पाठवून त्यांच्याकडून लिहून घेतात काय, हे आधी विचारावे. एवढे सांगून मी थांबलो. निर्णय त्यांच्या घरचा होता.

दोन आठवड्यांनी मुलगी पेढे घेऊन आली. वडिलांनी फी भरली होती. मात्र पहिल्या वर्षी गुण कमी पडले तर विषय बदलावयाचा, ही अट घालूनच.

पहिल्याच सत्रात तिला आपल्या वस्तीतील संज्ञापनाविषयी काही लिहून आणावयास सांगितले. तिने दुखण्यांचे शब्द घेतले. आजीजवळ बसून अहिराणी शब्द लिहून घ्यावयाचे, शेजारी प्रमाण मराठी, त्यापुढे गुजराती, आणि कोणता शब्द कोठे फसवतो त्याची टीप. वही मला दाखविली तेव्हा त्रेचाळीस शब्द झाले होते. त्यांतले काही वेगळ्या अक्षरात होते. मी विचारले, तेव्हा म्हणाली, "हे पप्पांनी लिहिले, सर. मिलमध्ये रंगाच्या वाफेने डोळे चुरचुरतात, त्याला कामगार काय काय म्हणतात ते. पाळी सुटली की एखादा शब्द आणतात."