दोन शुक्रवारांचं वर्ष

२०२४ मधल्या संगीताचा विषय निघाला की मला आधी दोन शुक्रवार आठवतात, ४ ऑक्टोबरचा आणि १ नोव्हेंबरचा. २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारीच काढायचा संकेत आहे, त्यामुळे एकाच दिवशी दोन मोठे अल्बम येण्यात विशेष काही नाही. पण या दोन दिवशी जे आलं त्यामुळे मेटल, अँबियंट आणि इंडी असे तीन वेगळे कप्पे करून ऐकण्याची माझी वर्षानुवर्षांची सवय सुटली. त्या वर्षातलं सर्वांत चांगलं संगीत या तिन्हींच्या सीमेवर उभं राहून केलेलं होतं.

४ ऑक्टोबर हा नवरात्रातला दुसरा दिवस. आदल्याच दिवशी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला होता आणि घरात, फोनवर, सगळीकडे तीच चर्चा होती. रात्री उशिरा सगळं शांत झाल्यावर मी हेडफोन लावून ब्लड इन्कँटेशनचा ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’ ऐकायला घेतला. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातले हे चौघे डेथ मेटल वाजवतात, म्हणजे घशातून काढलेला खर्जातला ग्राउल, दुहेरी बेस ड्रमचा मारा आणि गिटारचे वेडेवाकडे, अवघड तुकडे. पण २०२२ साली त्यांनी ‘टाइमवेव्ह झीरो’ नावाचा एक पूर्ण अँबियंट अल्बम काढला होता. त्यात ड्रमचा एक ठोका नाही, गाणं नाही, मुख्यतः सिंथेसायझरचे लांबलचक थर. तेव्हा त्यांच्या अनेक चाहत्यांना तो वाकड्या वाटेवरचा फेरफटका वाटला होता. ती वाट कुठे निघत होती, ते दोन वर्षांनी कळलं.

‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’मध्ये दोनच रचना आहेत, ‘द स्टारगेट’ आणि ‘द मेसेज’. दोन्ही वीस मिनिटांच्या घरातल्या आणि दोन्हींचे तीन-तीन भाग. सुरुवात नेहमीसारखी धडाक्यात होते आणि काही क्षणांतच सगळा मारा थांबून पिंक फ्लॉइडच्या जवळ जाणारी संथ, तरंगती गिटार सुरू होते. नुसतं हार्ड आणि सॉफ्ट आलटून पालटून वाजवणारे बँड पुष्कळ आहेत. इथे मात्र संथ भाग ऐकताना पुढच्या माऱ्याची चाहूल लागते, आणि मारा सुरू झाल्यावरही मागचा सूर कानात टिकून राहतो. ‘द स्टारगेट’च्या दुसऱ्या भागात टँजरीन ड्रीमचा थॉर्स्टन क्वेश्निंग सिंथेसायझरवर आहे. सत्तरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक संगीताला आकार देणाऱ्या त्या जर्मन बँडची धुरा एडगर फ्रोझे २०१५ मध्ये गेल्यावर त्यानेच सांभाळली. अल्बमचं ध्वनिमुद्रणही बर्लिनच्या हान्सा स्टुडिओतलं. डेव्हिड बोवीने १९७७ मध्ये ‘हीरोज’ जिथे ध्वनिमुद्रित केला, तीच ही वास्तू, तेव्हा बर्लिनच्या भिंतीला जवळजवळ खेटून असलेली. वाजवण्याचं कौशल्य या बँडकडे आधीपासूनच होतं. थांबण्याचं कौशल्य त्यांना अँबियंटने दिलं, असं मला ठामपणे वाटतं.

त्याच शुक्रवारी माँट्रिऑलच्या गॉडस्पीड यू ब्लॅक एम्परर या बँडचा अल्बमही आला. त्याला नाव असं दिलेलंच नाही. ‘नो टायटल अ‍ॅज ऑफ १३ फेब्रुवारी २०२४ २८,३४० डेड’ हेच त्याचं शीर्षक. गाझामध्ये त्या तारखेपर्यंत मारल्या गेलेल्या माणसांचा हा आकडा आहे. हा बँड शब्द गात नाही. गिटार, व्हायोलिन आणि ड्रम हळूहळू चढत जातात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो आकडा सतत राहतो. संगीताच्या आत शोक कसा मावतो याचं त्या वर्षातलं याहून थेट उदाहरण मी ऐकलेलं नाही. त्या रात्री दोन्ही अल्बम एकामागून एक ऐकायला नको होते, इतका ताण आला.

पण ज्या अल्बमने मला सर्वांत जास्त शिकवलं तो फेब्रुवारीत आला होता. काली मेलोन ही अमेरिकेत वाढलेली आणि स्वीडनमध्ये शिकलेली संगीतकार. ‘ऑल लाइफ लाँग’मध्ये तिच्या पाइप ऑर्गनसाठी, गायकवृंदासाठी आणि ब्रासच्या पंचकासाठी लिहिलेल्या रचना आहेत. तासाभराहून जास्त वेळ चालणारं हे संगीत इतकं सावकाश पुढे सरकतं की पहिल्यांदा ऐकताना काही घडतच नाही असं वाटावं. ऑर्गनवर तिच्यासोबत स्टीफन ओमॅली आहे, जो ‘सन’ या ड्रोन मेटल बँडचा गिटारवादक. ‘सन’च्या मैफलीत झगे घालून उभी असलेली माणसं एकेक सूर मिनिटंच्या मिनिटं लांबवतात आणि तो इतक्या मोठ्या आवाजात की छाती थरथरते. त्याच माणसाचे हात इथे चर्चमधल्या ऑर्गनवर आहेत. मेटल आणि अँबियंट यांचं नातं शोधायला याहून लांब जावं लागत नाही.

हा अल्बम मी एका दुपारी घरात स्पीकरवर लावला. माझे वडील नाट्यसंगीतात मुरलेले. पायपेटीच्या, म्हणजे आपण ज्याला ऑर्गन म्हणतो त्याच्या, सुरावर त्यांचं तरुणपण गेलं. ते वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकत बसले आणि म्हणाले, “अरे, हा गंधार पेटीतला नाही.” मी चकित झालो, कारण त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. मेलोनने ज्या जुन्या ऑर्गनवर वाजवलं आहे त्यातले काही मीनटोन पद्धतीने लावलेले आहेत. युरोपात आजची बारा समान भागांची स्वरव्यवस्था रुळण्याच्या आधीची ही पद्धत. तिच्यात गंधार षड्जाशी नैसर्गिक, शुद्ध नात्यात येतो. त्याची किंमत अशी की काही स्वरजोड्या इतक्या बेसूर होतात की त्या टाळाव्याच लागतात. मेलोन त्या टाळत नाही. ती शुद्ध स्वरांच्या विश्रांतीतून हळूच त्या खडबडीत जागी जाते आणि परत येते. अल्बममधलं सगळं नाट्य एवढंच आहे आणि ते भरपूर आहे.

समान अंतरावर लावलेल्या पेटीच्या गंधाराबद्दलची तक्रार आपल्याकडे जुनी. श्रुती आणि मींड पेटीवर निघत नाहीत, हा तिच्यावरचा मोठा आक्षेप होता. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. वडिलांना तो काळ नीट आठवतो. त्या दुपारी आम्ही दोघांनी अल्बम पूर्ण ऐकला. मध्ये एकदा ते म्हणाले, “तंबोरा लावताना जसं ऐकावं लागतं, तसं ऐकायचं हे.” अँबियंटबद्दल मी जे काही वाचलं होतं त्यात इतकी उपयोगी सूचना मला सापडली नव्हती. सवाई गंधर्व महोत्सवात विलंबित ख्यालाची बढत तासभर निवांत ऐकणारा श्रोता या संगीतासाठी आधीच तयार असतो, फक्त त्याला कुणी तसं सांगितलेलं नसतं. नाला सिनेफ्रोचा ‘एंडलेसनेस’ हाही असाच ऐकायचा. हार्प आणि मॉड्युलर सिंथेसायझर वाजवणाऱ्या या कलावतीने एका आर्पेजिओभोवती, म्हणजे एकेक करून छेडलेल्या सुरांच्या मालिकेभोवती, दहा भाग रचले आहेत आणि सगळ्यांना ‘कंटिन्युअम’ हे एकच नाव दिलं आहे. नुबाया गार्सियाचा सॅक्सोफोन त्यात येतो तेव्हा जॅझ आणि अँबियंट वेगळे काढता येत नाहीत.

इंडीकडे वळायचं तर मार्चच्या अखेरीस आलेल्या सिंडी लीच्या ‘डायमंड ज्युबिली’पासून सुरुवात करावी लागेल. सिंडी ली हे कॅनडातल्या पॅट्रिक फ्लेगल यांनी मंचासाठी उभं केलेलं व्यक्तिमत्त्व. बत्तीस गाणी, दोन तासांचा ऐवज. साठच्या दशकातल्या मुलींच्या गायनसमूहांची आठवण देणारे सूर, पण जुन्या रेडिओवर दूरच्या केंद्राचे लागावेत तसे धूसर. हा अल्बम तेव्हा कोणत्याही मोठ्या स्ट्रीमिंग सेवेवर टाकला नाही. एका जुन्या धाटणीच्या साध्या पानावरून उतरवून घ्यायचा आणि जमेल तर पैसे पाठवायचे, किंवा यूट्यूबवर एकसलग ऐकायचा. एकसलग म्हणजे आवडतं गाणं निवडण्याची सोय नाही. सुरुवातीला मला याचा त्रास झाला. नंतर लक्षात आलं की ऐकण्याची ही सक्ती संगीताच्या भल्याचीच होती. मधल्या, वरवर साध्या वाटणाऱ्या गाण्यांवर माझं प्रेम बसलं ते यामुळेच.

दुसरा शुक्रवार, १ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजनाचा. बाहेर फटाके वाजत असताना द क्युअर या ब्रिटिश बँडचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ आला, सोळा वर्षांनंतरचा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम. त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ तेव्हा पासष्ट वर्षांचा होता. पहिल्याच गाण्यात, ‘अलोन’मध्ये, तो तोंड उघडतो तो तीन मिनिटांहून जास्त वादन झाल्यावर. आजच्या काळात एवढा वेळ मागणं हे धैर्याचं काम आहे आणि ते धैर्य सार्थकी लागतं, कारण आवाज येतो तेव्हा तो मुळीच म्हातारा झालेला नाही. ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ हे त्याने गमावलेल्या भावावरचं गाणं आहे. ब्रिटनमध्ये हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, १९९२ च्या ‘विश’नंतर प्रथमच. वाट पाहणारे लोक इतके होते.

त्याच दिवशी फिल एल्वरमच्या माउंट ईरीचा ‘नाइट पॅलेस’ही आला आणि इंडीतला माझा वर्षाचा पहिला क्रमांक त्याचाच. वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर, अ‍ॅनाकॉर्टिसच्या परिसरात वाढलेला हा माणूस घरच्या घरी टेपवर ध्वनिमुद्रण करतो. २०१६ मध्ये त्याची पत्नी, चित्रकार आणि गायिका जेनेव्हिएव्ह कास्त्रे, कर्करोगाने गेली. त्यानंतर आलेला ‘अ क्रो लुक्ड अ‍ॅट मी’ हा अल्बम इतका उघडा आहे की मी तो पुन्हा लावायला धजत नाही. ‘नाइट पॅलेस’ त्या दुःखानंतरचं जगणं सांगतो. सव्वीस गाणी, काही अगदी छोटी, तर एक बारा मिनिटांच्या आसपासचं, जवळजवळ बोलण्याच्या सुरातलं. वारा, मासे, धुकं, घराचं काम, आणि या सगळ्याखाली एक अस्वस्थ प्रश्न: ही जमीन आपली नाही, मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली आहे, मग तिच्यावर इतकं प्रेम करण्याचा आपल्याला हक्क काय? निसर्गावर लिहिणाऱ्या फार थोड्या कवींनी हा प्रश्न स्वतःला इतक्या स्पष्टपणे विचारला असेल. आणि मधूनच गिटार फाटते, आवाज चिरकतो, काही क्षण हा सरळ ब्लॅक मेटलचा अल्बम होतो. एल्वरमला हे नवं नाही, २००९ च्या ‘विंड्स पोएम’मध्ये त्याने ब्लॅक मेटलच्या आवाजाचा आधार उघडपणे घेतला होता. ज्यांना मेटल म्हणजे निव्वळ आरडाओरडा वाटतो त्यांनी तो आवाज या गाण्यांत ऐकावा. वाऱ्याला दुसरा आवाज असूच शकत नव्हता, असं वाटू लागतं.

शुद्ध मेटलमध्येही वर्ष भरगच्च होतं. ज्युडास प्रीस्टचा पहिला अल्बम १९७४ चा. बरोबर पन्नास वर्षांनी ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’वर बहात्तर वर्षांचा रॉब हॅलफर्ड ज्या उंचीवर गातो ते ऐकून मान आदराने लवते. न्यूझीलंडच्या अल्सरेटचा ‘कटिंग द थ्रोट ऑफ गॉड’ हा वर्षातला सर्वांत घट्ट विणीचा अल्बम, ड्रमर जेमी सेंट मेरॅटचे हात त्यात अक्षरशः गातात. ओक्लाहोमाच्या चॅट पाइलचा ‘कूल वर्ल्ड’ हिंसेबद्दल बोलतो आणि हिंसेचं कौतुक कुठेही करत नाही. बंगळूरच्या क्रिप्टोसचा ‘डेसिमेटर’ हा जुन्या हेवी मेटलचा रांगडा आनंद, तर दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा ‘बीटा’ इंडीत आपलाही आवाज किती पक्व झाला आहे याचा पुरावा. आणि जुलैमध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात गोजिरा हा फ्रेंच मेटल बँड कॉन्सिएर्जरी या जुन्या वास्तूच्या भिंतीवर उभा राहून वाजवत होता, ऑपेरा गायिका मारिना व्हिओत्तीसोबत. आमच्यासारख्यांसाठी तो सणच होता.

ओपेथबद्दल मात्र थोडं जास्त लिहायला हवं, कारण २०१९ मध्ये पुण्याच्या एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवात हा स्वीडिश बँड येऊन वाजवून गेला आणि इथे त्याचे श्रोते खूप आहेत. त्यांचा गायक मिकाएल ओकरफेल्ट २००८ च्या ‘वॉटरशेड’नंतर स्टुडिओ अल्बमवर ग्राउल करत नव्हता. चार अल्बम आम्ही त्याच्या गोड आवाजावर समाधान मानलं. नोव्हेंबरात आलेल्या ‘द लास्ट विल अँड टेस्टमेंट’मध्ये तो आवाज परतला, आणि परतला तो कथेच्या गरजेपोटी. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात एका श्रीमंत घरात मृत्युपत्राचं वाचन चालू आहे. सात गाण्यांना नावं नाहीत, कायद्याच्या कलमांसारखे फक्त क्रमांक आहेत. मेलेल्या बापाचा अधिकार ग्राउलमधून बोलतो. जेथ्रो टलचा इयन अँडरसन त्यात निवेदन करतो आणि बासरीही वाजवतो. शेवटच्या, एकमेव नाव असलेल्या गाण्यात सगळी कठोरता गळून पडते. आधीचं मृत्युपत्र पूर्ण ऐकल्याशिवाय त्या गाण्यातली हळहळ पोचत नाही.

या सगळ्यांत माझा वर्षाचा अल्बम ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’, त्याच्या मागोमाग ‘ऑल लाइफ लाँग’ आणि मग ‘नाइट पॅलेस’. यातलं काहीच ऐकलं नसेल तर ‘द स्टारगेट’पासून सुरुवात करा. वीस मिनिटं फोन बाजूला ठेवा आणि मध्येच पुढे सरकवू नका. आवडलं तर अल्बम विकत घ्या, कारण यातली बरीच मंडळी छोट्या कंपन्यांतून किंवा स्वतःच अल्बम काढतात आणि पुढचा अल्बम निघतो तो बऱ्याच अंशी तुमच्या-माझ्या पैशांवर.